भेंडी असंबद्ध, नोट हो

थांबा थांबा, हातातलं काम खाली ठेवा. गॅसवर दूध असंल तं तेवढं बंद करून या, पण हे आत्ताच ऐका. उद्यापर्यंत मी हे पोटात ठेवूच शकत नाही. आमच्या समोरच्या लांजेवार काकांची गोष्ट आहे, अन् ती सापापासून सुरू होते.

भादव्यातली दुपार. भिलाईच्या जुनवानीतली आमची अख्खी गल्ली जेवून आडवी झाली होती, कुत्रेसुद्धा स्वप्नात शेपटी हलवून राहिले होते. अन् आई फाटकातून ओरडली, "साप! लांजेवार भाऊजी, साप!"

काका धावत आले. हातात काठी नाही. हातात फॉर्म.

"वहिनी, कुठं?"

"मोरीच्या मागं!"

"मागं म्हणजे नळाकून का भिंतीकून?"

"भिंतीकून! अहो, काठी आना!"

"कवापासून?"

"आत्तापासून!"

"काय करून राहिला?"

"साप काय करंल भाऊजी? साप होऊन राहिला!"

काकांनी ते लिहिलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, 'साप होऊन राहिला' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मंग चष्म्यावरून आईकडं पाहून चौथा प्रश्न विचारला. हा चौथा प्रश्न ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

"काय व्हायला पायजे होतं?"

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. "साप नायी व्हायला पायजे होता!"

तेवढ्यात साप भिंतीवर चढला, जरासं थांबून आमच्याकडं पाहिल्यासारखं केलं अन् पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात निघून गेला. काकांनी फॉर्मच्या खाली लिहिलं, "निराकरण: स्वतःच गेला. नोट हो." अन् आईची सही घेतली. आईनं दिली पण.

लांजेवार काका मूळचे भंडाऱ्याकडचे. घरी धानाच्या पाच बांध्या. बांधीच्या चिखलातून पाय काढले ते सरळ भिलाईच्या स्टील प्लांटात नेऊन ठेवले, असं ते स्वतः सांगतात. सारी नोकरी मेंटेनन्समध्ये. मशीन बिघडलं की डिफेक्ट स्लिप, स्लिप भरली की काम, काम झालं की सही. तेवढे वर्षं मरोद्याच्या क्वार्टरमध्ये काढले. रिटायर झाल्यावर आमच्या समोर घर बांधलं. काकू त्या घरात एकच वर्ष राहिल्या. मंग त्या गेल्या, अन् घरात काका अन् स्लिपा राहिल्या.

बुटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन. निळा तक्रारीले, लाल निराकरणाले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे चार चार तुकडे करून फाटकाले सुतळीनं बांधून ठेवले आहेत. दूधवाला भरते, भाजीवाली भरते, गल्लीतले पोट्टे बॉल मागायले आले तरी भरतात. त्यांचा एक फॉर्म मी जपून ठेवला आहे. कुठं? तुमच्या गुलाबात. कवापासून? चौथ्या ओव्हरपासून. काय झालं? सिक्सर. काय व्हायला पायजे होतं? चौका.

या फॉर्मात एक शब्द चालत नाही. कावून, म्हणजे का झालं.

"कावून नायी, काय!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. "तक्रारवाल्यानं काय झालं ते सांगाव. कावून झालं ते आमी पाहू. मानूस येते अन् सांगते, साहेब, मोटर जळली. अरे, तुले कोनं सांगितलं जळली? तू सांग का आवाज बंद झाला. जळली का रुसली थे मी सांगतो नं!"

त्यांचा मुलगा पुण्याले आहे. दर रविवारी फोन येते. काका अंगणातच बोलतात, त्यामुळं पूर्ण गल्लीले पाठ आहे. तब्येत? ठीक. पाणी? आलं. गाडी? सर्व्हिसिंग झाली. नोट हो. चार मिनिटात खतम. फक्त एक गोष्ट मी पाहिली होती, पण तवा समजली नव्हती. फोन बंद झाल्यावरही काका तो थोडा वेळ कानालेच लावून उभे राहतात.

आता माझी भानगड सांगते. मी पल्लवी. घरी बसून एका कंपनीचं कोडिंग करते, अन् उरलेल्या वेळात फुकटचं. फुकटच्या कोडिंगमधून मी एक अॅप बनवलं. आमचे बाबा अजून प्लांटात आहेत. त्यांची ड्यूटी फिरत राहते, कवा सकाळची ए शिफ्ट, कवा दुपारची बी, कवा नाईटची सी. आमच्या घरी दर दुसऱ्या दिवशी हाच गोंधळ, आज बाबाची कोणती? म्हणून अॅप. आपली बॅच निवडा, ते सांगते आज कोणती शिफ्ट. एवढंच.

हे अॅप मी ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे कसं, गावातला हांडपंप असते नं, तसं. कोणीबी पाणी भरा, ज्याच्याकडं पाना असंल त्यानं दुरुस्त करा, अन् ज्याच्याकडं काहीच नसंल त्यानं उभं राहून ओरडा का पंप कुईकुई करते. त्या ओरडण्याले आमच्यात इशू म्हणतात. कोड एका साइटवर सगळ्यांसाठी उघडा, अन् तिथंच इशू लिहायची जागा.

सगळं चांगलं होतं. फक्त नाव चुकलं.

प्लांटात सगळे हिंदीत 'प्रथम पाली, द्वितीय पाली' म्हणतात. मी म्हटलं आपण मराठी माणसं, आपण मराठीत ठेवू. अन् मोठ्या अभिमानानं अॅपचं नाव ठेवलं 'पाळी'.

हसा. आई पण अशीच हसली होती. "पोरी, हे कोनाले दाखवू नको बाप्पा!" पण तवापर्यंत ते लोकांच्या फोनात गेलं होतं.

पहिल्याच हप्त्यात इशू आला, 'दोन दिवसांपासून पाळी येऊन नाही राहिली, खूप टेन्शन आहे.' मी घाबरली. खूप विचार करून, शब्द मोजून मापून, मोठ्या बहिणीसारखं उत्तर लिहिलं का घाबरू नको, घरी सांग, डॉक्टरले दाखव. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. तो क्रेन चालवणारा मिश्यावाला माणूस निघाला. अन् तिकडं नागपूरच्या एका ताईनं भलतंच समजून अॅप टाकलं, तं अॅपनं तिले सांगितलं, 'आज तुमची बी पाळी. दुपारी दोनला हजर व्हा.' तिनं लिहिलं, 'कुठं?'

मी व्हरांड्यात बसून रडावं का हसावं करून राहिली होती. काका फाटकापाशी आले.

"काय झालं व पोट्टी?"

मी सगळं वाचून दाखवलं. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला, जसा देवळात घंटा वाजल्यावर होते.

"स्लिप नायी तुह्यापाशी?"

आहे म्हटलं, आमच्यात तिले इशू टेम्प्लेट म्हणतात. साइटवर सोय असते. इशू लिहायले गेलं की आधी तयार फॉर्म समोर येते, हे सांगा, ते सांगा, मंगच पुढं. पण काही लोक म्हणतात फॉर्म पाहून माणसं पळतात. मोठमोठ्या प्रोजेक्टात यावरून भांडणं होतात, माहीत आहे का?

"पळू दे. जो फॉर्म पाहून पळाला, त्याची तक्रारच नव्हती. लिव. पयला प्रश्न, कुठं?"

तवापासून काका आमच्या प्रोजेक्टचे इशू-इंचार्ज झाले. चार प्रश्न त्यांचेच, कुठं, कवापासून, काय होऊन राहिलं, काय व्हायला पायजे होतं. मी त्यांना इशू बंद करायचा अधिकार दिला. टायपिंग एका बोटानं, पण बोट असं पडे जसं शिक्का मारून राहिले. 'अपूर्ण. पुन्हा भरा. नोट हो.'

अन् ड्यूटी! त्यांनी आपल्या फोनात 'पाळी' टाकलं अन् आपली जुनी बॅच निवडली. मले वाटलं टेस्टिंग करून राहिले. पण ते अॅप सांगंल तसे ड्यूटीवर येत. ए पाळी असली का सकाळी सहाले आमच्या फाटकाची कडी वाजे, आम्ही दात घासत असू, अन् काका व्हरांड्यातल्या खुर्चीत हजर. बी असली का बरोबर दोनले, डबा घेऊन. अन् सी पाळीत? दिवसभर त्यांचं दार बंद. आईनं एकदा वरण दिलं म्हणून मी टकटक केली तं आतून आवाज आला, "नाईट हाये!"

रिटायर माणूस. घरच्या घरी नाईट करून दिवसा झोपून राहिला.

पण बी पाळीच्या त्या दुपारी, काय सांगू. गल्लीत आवाज नाही. कडुनिंबाची सावली हळूहळू काकांच्या चपलेवरून गुडघ्यावर चढे. ते स्क्रीनकडं पाहत, मी कोडाकडं पाहत, मधात आईनं ठेवलेला चहा. संध्याकाळी मरोद्याकडचं आभाळ एकदम नारंगी होई, प्लांटात लोखंडाची वितळलेली मळी ओतली का होते तसं. लहानपणी मले वाटे तिकडं कोणी खूप मोठी बाई आहे, तिनं चुलीवरचं झाकण उचललं. मी हे काकांना सांगितलं. काका म्हणे, "मळी ओत्याचा लाडल हाये थो." मंग थोडा वेळ तिकडं पाहत राहिले अन् म्हणे, "पन झाकन म्हटलं तरी चालंल."

फॉर्मानं काम सोपं झालं, हे खरं. क्रेनवाल्या मिश्यांचा इशू दहा मिनिटात सुटला. पण हळूहळू इशू कमी झाले. मंग आणखी कमी. काका म्हणत, शिस्त आली. मले वाटे, हांडपंपावर कोणी येऊनच नाही राहिलं.

अन् मंग अश्विनीचं झालं.

अश्विनी दुर्गची. रेल्वेवाल्याची पोरगी, बाबा मालगाडी चालवतात. आम्ही कवा भेटलो नव्हतो, पण तिच्यासारखं फुकटचं काम दुसरं कोणीच करून नव्हतं राहिलं. अॅप हिंदीत तिनं केलं, रेल्वेवाल्यांची ड्यूटी त्यात तिनं टाकली. फक्त तिचे इशू म्हणजे पत्रं असत. 'अगं ऐक नं, काल काय झालं' इथून सुरू, मंग आजी, मंग शेजारीण, अन् नवव्या ओळीत बग. पण बग खरा असे. दर वेळी.

टेम्प्लेट आल्यावर तिनं पहिला फॉर्म भरला. मी अजून पाहू शकते तो.

कुठं? आमच्या घरी.

कवापासून? आई भेंडी चिरून राहिली होती तवापासून.

काय होऊन राहिलं? अॅप म्हणे बाबाची आज सुट्टी, बाबा म्हणे माझी ड्यूटी आहे, आई म्हणे मंग मी भेंडी चिरू का नको, अन् भेंडी झाली तवा अॅप म्हणे ड्यूटीच आहे.

काय व्हायला पायजे होतं? भांडण नव्हतं व्हायला पायजे.

काकांनी बंद केला. 'भेंडी असंबद्ध. कवापासून याचं उत्तर वेळेत द्यावं. पुन्हा भरा. नोट हो.'

तिनं पुन्हा नाही भरला. एक ओळ लिहिली, 'ज्या प्रोजेक्टात भेंडी असंबद्ध आहे, तिथं माझं काय काम? तुमचा फॉर्म तुम्हाले लखलाभ.' अन् गेली. मी मेसेजवर मेसेज केले. उत्तर नाही.

चार दिवसांनी बाबाची ए शिफ्ट होती. सकाळी पाचले मले जाग आली, आई ओट्यापाशी बसून डब्यासाठी भाजी चिरून राहिली होती. मी अर्धवट झोपेत फोन उघडला. अॅप म्हणे बाबाची आज सुट्टी. बाबा बूट घालून राहिले होते. मी डोळे चोळून पाहत राहिली. आई भाजी चिरत राहिली, फोडणी झाली, डब्याचं झाकण लागलं, अन् माझ्या हातातल्या हातात स्क्रीन बदलली. ए पाळी. घड्याळात साडेपाच.

"भेंडी!" मी ओरडली.

"काय झालं भेंडीले?" आईनं डबा उघडून पाहिला.

माझ्या कोडाचं घड्याळ भिलाईचं नव्हतंच! ते इंग्लंडच्या ग्रीनिच वेळेवर चालून राहिलं होतं. आपल्याकडं सकाळचे साडेपाच वाजल्याशिवाय त्याची तारीखच बदलत नव्हती. अश्विनीले वेळ नव्हती माहीत. तिच्या घरी वेळ भेंडीनं मोजतात. साऱ्या फॉर्मात कामाची एकच गोष्ट होती, अन् तीच आम्ही असंबद्ध केली.

सहाले काका ड्यूटीवर आले. त्या हप्त्यात त्यांचीही ए पाळीच होती. मी त्यांच्यावर तुटून पडली.

"काका, भेंडी संबद्ध होती!"

"वेळ लिवाची होती तिनं."

"तिले माहीत नव्हतं का वेळेमुळं होऊन राहिलं!"

"मंग फॉर्म काय भेंडीले भराले द्याचा?"

"हो! फॉर्म राहूच नको! मी काढूनच टाकते फॉर्म. तिच्यासारखे सगळे पळाले नं."

काका उभे राहिले. "फॉर्म काढला तं मी काय करू इथं?"

अन् मी ते म्हणून गेली. जीभ टायपिंगपेक्षा फास्ट आहे माझी, काय करू. "काका, हा तुमचा प्लांट नाही! तुम्ही रिटायर झाले आहात!"

काकांनी खिशातले दोन्ही पेन सरळ केले. संपूर्ण शिफ्ट बसले, दोनले उठले, "नोट हो" म्हणे अन् गेले.

मले इतकं वाईट वाटलं. अन् मले वाईट वाटलं का मी कोड लिहिते, हे माझं असंच आहे. दुपारभर बसून मी घड्याळ तं दुरुस्त केलंच, पण अॅपमध्ये काकांसाठी खास एक बटण बनवलं. 'सेवानिवृत्त'. ते दाबलं का सारं कॅलेंडर हिरवं, अन् प्रत्येक दिवसावर छोटं फूल अन् 'आज सुट्टी!'. फार सुंदर झालं होतं हो. संध्याकाळी त्यांच्याकडं गेली, म्हटलं काका सॉरी, हे तुमच्यासाठी. त्यांच्या फोनात माझ्या हातानं लावून दिलं.

काकांनी महिना पाहिला. पुढचा महिना पाहिला. पुढचं वर्ष पाहिलं.

"छान हाये," म्हणे. "नोट हो."

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. सकाळी नाही, दोनले पण नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. मले वाटलं रुसले. आई म्हणे, "सुट्टी दिली नं तू त्याइले." मले तरी समजलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खुर्ची रिकामी, कडुनिंबाची सावली एकटीच खुर्चीवर चढून राहिली होती. अन् एक इशू आला. फॉर्म न भरता. आमच्या साइटवर टेम्प्लेटच्या खाली बारीक अक्षरात एक दुवा असते, 'रिकामा इशू उघडा'. तो बंद करता येते, मीच करायची विसरली होती. काका रोज ओरडत, "पोट्टी, थे भगदाड बुजव, उद्या कोनीबी तिकून घुसंल!" त्या भगदाडातून कोणीतरी घुसलं होतं. नवीन खातं, नाव नाही, फोटो नाही. शीर्षकाच्या जागी नुसतं टिंब. खाली हे.

'रोजच सुट्टी दाखवून राहिलं. आधी पाळी दिसे. बी दिसली का समजे, दहाले सुटलो, सव्वादहाले ती भात लावे, दारातून आत आलो का वाफ. सी असली का सकाळी पोहे, अन् दिवसभर ती भांडं वाजू देत नव्हती. ए असली का दोन्ही ताटं संगं. आता घरी कोनी नायी हे मालूम हाये. पन पाळी दिसली का भात कवा लागते एवढं तरी समजे. रोज सुट्टी असली तं समजतच नायी. कावून समजत नायी, मालूम नायी. नोट हो.'

मी ते तीनदा वाचलं. त्या माणसानं 'कावून' लिहिलं होतं.

चौथा प्रश्न त्यात कुठंच नव्हता. काय व्हायला पायजे होतं, ते त्यानं लिहिलंच नव्हतं.

मी लॅपटॉप घेऊन समोर गेली. काका अंगणात वेताच्या मोड्यावर बसले होते, मरोद्याकडं तोंड करून. तिकडं अजून काही ओतलं नव्हतं, आभाळ नुसतं धुरकट होतं. मी बाजूले पायरीवर बसली. मले माहीत आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढं ठरवून आली होती.

"काका, एक इशू आला. फॉर्म नाही भरला त्यानं."

काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"भाताचं लिहिलं आहे काहीतरी. बंद करू का? भात असंबद्ध?"

एक सायकलवाला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घंटी वाजवत गेला. तो वळला तरी घंटी ऐकू येत होती.

"राहू दे," काका म्हणे.

"पण काय व्हायला पायजे होतं, ते लिहिलंच नाही."

"त्याले मालूम असन व. होऊ नायी शकत म्हनून नसन लिवलं."

मी मान हलवली. पायरीवर मुंग्यांची रांग चालली होती, मी तीच पाहत राहिली.

"मंग ते भगदाड?" मी म्हटलं. "बुजवू?"

"नको." काकांनी खिशातून निळा पेन काढला, टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं. "पन असं भगदाड म्हनून नको राहू देऊ. अन् रिकामा इशू म्हनून बी नको. कोनी रिकामं येते का? फॉर्म राहू दे. चारच्या खाली पाचवा खाना टाक. मोठा. त्यात कायी विचारू नको."

"नाव काय देऊ त्याले?"

"बाकी."

"बाकी?"

"फोनवर नायी म्हनत का मानूस, सगळं बोलून झालं का? बाकी?" त्यांनी पेन खिशात ठेवला. "मी नायी म्हनत. म्हनाव लागन."

तेवढ्यात तिकडं ओतलं. आभाळ नारंगी झालं, काकांच्या चष्म्यात पण झालं. दोघंही पाहत बसलो. मंग काका हळूच म्हणे, "झाकन उचललं."

मी त्यांच्या फोनातलं फुलाफुलांचं बटण बंद करून त्यांची बॅच परत लावली. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं, कोणीच काही नोट केलं नाही. इशू मी बंद नाही केला. तो अजूनही उघडाच आहे, त्यावर कोणाचं काम चालू नाही.

दुसऱ्या दिवशी बी पाळी. बरोबर दोनले कडी वाजली. काका डबा घेऊन खुर्चीत बसले अन् पहिलं काम त्यांनी अश्विनीचा बंद इशू उघडला. एका बोटानं, एक एक अक्षर, चहा थंड होईपर्यंत लिहिलं. 'पुनर्तपासणी केली. भेंडी संबद्ध आहे. वेळ भेंडीनंच सांगितली. चूक इंचार्जची. घड्याळ दुरुस्त. पाचवा खाना उघडला आहे, यावे. नोट हो.'

मले वाटलं नव्हतं ती येईल. पण पाच वाजता इशू आला. चारही खाने तिनं एका एका शब्दात भरले होते, एकदम शिस्तीत, फक्त टोमणा मारायले. कुठं, फोनात. कवापासून, आजपासून. काय, ठीक. काय व्हायला पायजे होतं, हेच. अन् खाली 'बाकी'मध्ये सत्तावीस ओळी! आजी, शेजारीण, बाबाची मालगाडी तीन घंटे सिग्नलले उभी, आईची भेंडी, अन् शेवटी 'काका, तुमच्याकडं डब्यात काय असते?'

काकांनी सगळं वाचलं, दोनदा. मी म्हटलं यात बग कुठं आहे काका, बंद करा. काका म्हणे, "थांब व. उत्तर देऊन राहिलो नं." अन् पाचव्या खान्यात लिहायले बसले. मी डोकावली तं हातानं झाकलं.

मागच्या रविवारी पुण्याचा फोन आला. तब्येत? ठीक. पाणी? आलं. गाडी? ठीक. मी आमच्या व्हरांड्यात कान देऊन उभी. 'नोट हो' आलंच नाही. काका थांबले, घसा साफ केला अन् म्हणे, "बाकी?"

तिकून काय आलं ते मले ऐकू नाही आलं. पण काका खाली बसले, अन् चार मिनिटं कवाच होऊन गेली होती.

आता तुम्ही सांगा, खरं खरं सांगा. तुमच्याकडं पण कोणी आहे का असं, जे सगळे खाने बरोबर भरते अन् फोन कट झाल्यावरही कानालेच लावून ठेवते? तुम्ही कवा 'बाकी?' विचारून, मंग जरा थांबले का?